एक लिटर, जिवंत

विश्वंभर फोनवर म्हणाला, येताना काहीतरी आण,
तिथलंच, उदगीरला न मिळणारं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मागितलं त्यानं.
हिमरू शाल? मी विचारलं.
तो म्हणाला, बीअर.

बोर्डात मॉडरेशनची मीटिंग, दोन दिवस.
रसायनशास्त्राचे आम्ही अकरा जण
अर्ध्या गुणासाठी भांडलो:
बाण काढला नाही तर समीकरण चूक धरायचं का.
पाचला सुटले. आधी एका वाइन शॉपच्या जाळीशी गेले,
विचारलं, इथलं काय आहे?
पोरगा हसला. बाई, सगळं इथलंच,
वाळूजला बनतं, लांबच्या गावाचं लेबल लावून परत येतं.
रांगेतल्या माणसांनी मला जागा करून दिली,
इतकी, की मी एकटीच उभी राहिले.

मग चिकलठाणा.
रिक्षावाल्याला तोंडानं सांगवेना, मोबाइलवरचा पत्ता दाखवला.
बंद पडलेल्या पत्रावळीच्या कारखान्यामागं
मुदस्सिर इनामदारांचं पत्र्याचं शेड.
मोठ्या कंपनीत सतरा वर्षं यीस्ट सांभाळलं त्यांनी,
मग कंपनीला मशीन मिळालं.
आता मालदांडी भिजवतात, मोड आणतात, भाजतात.
म्हणाले, नळाला आठव्या दिवशी पाणी, मॅडम.
त्या दिवशी बीअर. बाकीचे सात दिवस
मी आणि ज्वारी.

परवान्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.
पाच रुपये. एक दिवस.
आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगण्याची मुभा.
घडी घालून तो प्रवासभत्त्याच्या कागदांत ठेवला.
बाटलीचं डिपॉझिट शंभर.
लवकर संपवा, म्हणाले, जिवंत आहे ती.
आणि गाडी थांबेल तिथं तिला जरा श्वास द्या.

दरवर्षी बारावीच्या फळ्यावर मी लिहिते:
ग्लुकोज, बाण, इथेनॉल,
आणि वायूशेजारी वर जाणारा छोटा बाण.
वास कधी लिहिला नव्हता.

रात्रीची एसटी. ओल्या टॉवेलात गुंडाळून
मांडीवर धरली, तापातलं पोर धरावं तशी.
गेवराई. बीड. मांजरसुंब्याच्या घाटात
तिच्या पोटातली गुरगुर मला तळव्यांना कळत होती.
केजला झाकण सैल केलं तर फुस्स,
आणि शेजारची कासारीण, पायांत बांगड्यांची पेटी,
झोपेतून नाक वर करून म्हणाली,
आंबील हाय का, बाई?

ज्वारीचीच आहे, म्हणाले.
मग, मास्तरीण असल्यामुळं, उरलेलंही सांगितलं:
बीअर आहे, मावशी.
ती थोडा वेळ अंधारात बघत राहिली.
येळवशीला आमची सासू मडकं पुरायची
तवा असाच वास यायचा शेताला.
आण बघू झाकण.

झाकणभर घेतली तिनं. जीभ टाळ्याला लावली.
कडसर झालीया, म्हणाली. पर आंबलीया झ्याक.
आणि तोंडावर पदर ओढून पुन्हा झोपली.
अंबाजोगाई आली तेव्हा बारा वाजून गेले होते.
परवाना संपला होता.
कंडक्टर पुढं बसून चिल्लर मोजत होता, त्याला काय.

विश्वंभर स्टँडवर स्कूटर घेऊन, मफलर गुंडाळून,
पहाटे साडेतीनला.
ओट्यापाशी उभ्यानंच, स्टीलच्या दोन पेल्यांत.
साडेसातला माझं प्रॅक्टिकल होतं.
फेस फारसा आला नाही; निम्मा श्वास वाटेतच गेला असणार.
तो प्यायला, आणि थांबला,
मी काय म्हणते याची वाट बघत.

कडसर झालीया, मी म्हणाले.
पर आंबलीया झ्याक.
ही भाषा कुठली आणलीस, तो म्हणाला.
तिथलीच. इथं मिळत नाही.

बाटली धुऊन खिडकीत ठेवली आहे.
शंभर रुपयांसाठी कुणी तीनशे किलोमीटर जातं का,
असं तो जाता-येता विचारतो.
पुढची मीटिंग जुलैत आहे.